नाकाने द्राक्षे सोलताना

वीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कागदावर लिहिलेले आणि हाती आलेले जुळल्याशिवाय मी सही करीत नाही. ही खोड एक दिवस बाटलीपर्यंत पोहोचेल असे मात्र वाटले नव्हते.

झाले असे की, पुण्याचा भाचा मे महिन्यात अमरावतीला आला, तो नाशिकच्या दोन वाइन घेऊनच. एक पांढरी, सॉव्हिन्यॉन ब्लाँ. दुसरी तांबडी, शिराझ. कंपनीचे नाव सांगत नाही. खातेदाराची माहिती बाहेर फोडायची नाही, असा आमचा नियमच आहे. पांढरी फ्रिजमध्ये पन्ह्याशेजारी विसावली. तांबडी म्हणे खोलीच्या तापमानाला प्यायची. आता आमच्या खोलीचे तापमान मे महिन्यात ४२! ही सूचना लिहिणाऱ्याची खोली कुठली, ते तेव्हाच कळायला हवे होते.

बाटलीच्या पाठीवर मजकूर होता. तांबडीत ब्लॅकबेरी, चेरी, ओकचे लाकूड आणि ‘मखमली शेवट’. मखमली शेवट मी फक्त नाटकाचा पडदा पडताना पाहिला आहे. तरीही एक घोट घेऊन मी मान डोलावली आणि म्हणालो, “वा! काय ब्लॅकबेरी आहे!” वाचकहो, आता कबूल करतो. जन्मात मी ब्लॅकबेरी खाल्लेली नाही. त्या नावाचा फोन तेवढा आमच्या मॅनेजरसाहेबांकडे होता.

तेवढ्यात अकोल्याची आत्या आली. “मी तोंडाले लावत नाई, पण वास घेतल्यानं मानूस बाटत नाई,” असे म्हणत तिने पांढरीचा ग्लास नाकाशी धरला. “काहून रे, ढोबळी मिर्ची चिरली काय यात?” मग तांबडी हुंगली. “अन् ह्यात मिरे हायत.”

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो.

भाच्याने मोबाइल काढला आणि त्याचे हसू हळूहळू मावळले. सॉव्हिन्यॉन ब्लाँमध्ये पायराझिन जातीची द्रव्ये असतात. ढोबळी मिरचीला तिचा वास देतात तीच. शिराझमधला मिऱ्याचा वास रोटंडोनचा. हे द्रव्य मिऱ्यातही असते, आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८ साली जाहीर केले. आत्याला एवढा वेळ लागला नाही.

पुढची गंमत तर याहून मोठी. नाशिकच्या वाइनची एक मुळी कॅलिफोर्नियात आहे. तिथली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी १९९७ साली नाशिकजवळ सॉव्हिन्यॉन ब्लाँची लागवड केली. मार्गदर्शनाला कॅलिफोर्नियाचेच वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की होते. ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली आली. त्याच कॅलिफोर्नियात, डेव्हिसच्या विद्यापीठात, अ‍ॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात वासांचे एक चक्र तयार केले. त्यांचे म्हणणे सरळ होते. ‘डौलदार’, ‘उमदी’ असले शब्द नकोत. ज्याचा वास प्रत्येकाला स्वयंपाकघरात जाऊन पडताळता येईल तेच बोला. त्या चक्रात ढोबळी मिरची आहे, मिरेही आहेत.

म्हणजे कॅलिफोर्नियाचा नियम आत्याने न वाचता पाळला आणि बाटलीवाल्याने कदाचित वाचूनही मोडला. वेली आणल्या, विद्या आणली, ते ठीकच. पण त्यांच्या स्वयंपाकघरातली फळेसुद्धा उचलून आणायची म्हणजे दुसऱ्याच्या पासबुकावरून आपली शिल्लक सांगणे झाले.

तेव्हा माझा अभिप्राय असा. पांढरी कच्च्या कैरीसारखी करकरीत. थंड आहे तोवर स्वभावाने चांगली, कोमट झाली की उधारी मागणाऱ्यासारखी अंगावर येते. तांबडी जांभळासारखी: आधी गोडसर, मग जीभ आवळून धरणारी. मिरे आहेत, आत्याची साक्ष आहे. मखमल सापडली नाही. दोन्ही पुन्हा घ्यायला हरकत नाही. तांबडी मात्र थंडीत. लेबलवर ब्लॅकबेरी खोडून जांभूळ लिहिले की ताळेबंद जुळतो.

रात्री मी आत्याला म्हणालो, “आत्या, हसायला नको होतं. तुझं बरोबर होतं.”

“ते जाऊ दे बापू,” ती म्हणाली. “मिर्ची झाली, मिरे झाले. द्राक्षाचा वास कुठी हाय, ते सांग.”

ही नोंद अजून जुळलेली नाही.