सिग्विनच्या चाचणी आवृत्तीतील दोषनिवारण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
युनिक्ससाठी लिहिलेल्या आज्ञावल्या विंडोजवर चालाव्यात म्हणून या दोन प्रणालींच्या मध्ये जो सुसंगती-थर उभारला जातो, त्याचे परिचित उदाहरण म्हणजे सिग्विन होय. १९९५ मध्ये सिग्नस सोल्युशन्स या अमेरिकन कंपनीत त्याची सुरुवात झाली. पुढे ही कंपनी रेड हॅटने विकत घेतली. सिग्विनवर युनिक्सची आज्ञावली जशीच्या तशी चालत नाही. ती नव्याने संकलित करावी लागते. त्यानंतर तिच्या मागण्या विंडोजपर्यंत पोहोचविण्याचे काम एक डीएलएल करते. अशा थरातील 'दोष' म्हणजे नेमके काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

चाचणी आवृत्तीचे स्वरूप :
सिग्विनमध्ये मोठे बदल प्रथम चाचणी आवृत्तीत येतात. ती आपोआप बसत नाही; वापरकर्त्याला ती जाणीवपूर्वक निवडावी लागते. १.७ या मालिकेत १.७.० हा क्रमांक चाचणीसाठीच राखला गेला आणि डिसेंबर २००९ मध्ये १.७.१ ही अधिकृत आवृत्ती प्रसिद्ध झाली. दोष उघड करून मगच शिक्कामोर्तब करण्याची ही पद्धत प्रशंसनीय आहे.

दोन उदाहरणे :
पहिले उदाहरण फाइलींच्या नावांचे. १.७ पूर्वी सिग्विन विंडोजच्या स्थानिक संकेतपृष्ठावर अवलंबून होते. देवनागरीसाठी विंडोजमध्ये असे संकेतपृष्ठच नसल्याने मराठी नावांच्या फाइली त्यास हाताळता येत नव्हत्या. १.७ मध्ये यूटीएफ-८ स्वीकारल्याने ही उणीव दूर झाली. याच मालिकेत विंडोजला निषिद्ध असलेली, परंतु युनिक्सला चालणारी अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह यांसारखी चिन्हे युनिकोडच्या खासगी क्षेत्रातील संकेतांत बदलून साठविली जाऊ लागली. सिग्विनमध्ये नाव शुद्ध दिसते. विंडोजमधून पाहिल्यास मात्र त्या जागी अनोळखी चिन्ह आढळते. म्हणजे एका बाजूचे निवारण दुसऱ्या बाजूस विकृती ठरते.

दुसरे उदाहरण 'फोर्क'चे. युनिक्समध्ये चालू प्रक्रियेची प्रतिकृती निर्माण करणे ही मूलभूत क्रिया आहे. विंडोजच्या नेहमीच्या व्यवस्थेत तिला थेट पर्याय नाही. म्हणून सिग्विन नवी प्रक्रिया उभी करून मूळ प्रक्रियेची स्मृती तीत उतरविते. यासाठी सर्व डीएलएल दोन्हीकडे एकाच पत्त्यावर असणे आवश्यक असते. तसे न झाल्यास फोर्क फसतो. पत्त्यांची फेरमांडणी करणारी 'रीबेस' ही सोय दोष नाहीसा करीत नाही, केवळ त्याची शक्यता कमी करते. २०१३ मध्ये ६४ बिटांची आवृत्ती आल्यावर पत्त्यांसाठी प्रशस्त जागा मिळाली आणि अडचण सौम्य झाली. २०२२ मध्ये ३.४ या आवृत्तीपासून ३२ बिटांचा आधारच थांबविण्यात आला.

मूल्यमापन :
या दोन उदाहरणांतील भेद लक्षणीय आहे. पहिल्यात कोणाचा नियम मानावा याचा निर्णय आहे. दुसऱ्यात पायाभूत मर्यादेशी केलेली तडजोड आहे. निव्वळ चुकीची दुरुस्ती हा तिसरा प्रकार. परंतु दोषनिवारणाच्या यादीत या तिन्हींची नोंद बहुधा सारख्याच एकवाक्यी स्वरूपात होते. काय बदलले ते कळते. कोणत्या बाजूने निर्णय झाला व त्याची किंमत कोणावर पडेल, हे कळत नाही. स्वयंसेवकांच्या श्रमावर चालणाऱ्या प्रकल्पाकडून प्रत्येक ओळीचे भाष्य अपेक्षिणे अन्यायाचे होईल, हा आक्षेप रास्त आहे. तथापि वर्तन बदलणाऱ्या नोंदी वेगळ्या दाखविणे फार श्रमाचे नाही. चाचणीचा काळ हाच निर्णय बदलून घेण्याचा काळ असल्याने ही माहिती तेव्हाच मिळणे अगत्याचे आहे.

समारोप :
सुसंगती-थरातील दोषनिवारण ही केवळ तांत्रिक डागडुजी नसून दोन प्रणालींच्या नियमांमधील निवाडा आहे. निवाडा देताना कारण नोंदविले जावे, एवढीच अपेक्षा. युनिक्सचे प्रात्यक्षिक विंडोजच्या संगणकांवर घेणाऱ्या अध्यापकांनीही दुरुस्त्यांची संख्या न मोजता त्यांचे स्वरूप तपासावे. विद्यार्थ्याला दिसणारे वर्तन युनिक्सचे की मधल्या थराचे, हे त्याशिवाय सांगता येणार नाही.