न्यूट्रॉनची साल खरंच डोलते का?

पिग्मी डायपोल रेझोनन्सवरचं कुठलंही व्याख्यान ऐका, पहिल्या पाच मिनिटांत एक चित्र येतंच. मधे प्रोटॉन-न्यूट्रॉनांचा गाभा, भोवती जादा न्यूट्रॉनांची साल आणि ती साल गाभ्याविरुद्ध मागे-पुढे डोलतेय. चित्र सोपं आहे, लक्षातही राहतं. पण माझी त्याच्याबद्दल तक्रार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अणुकेंद्रकाला गॅमा किरणांनी ऊर्जा दिली की सगळे प्रोटॉन एका बाजूला आणि सगळे न्यूट्रॉन दुसऱ्या बाजूला असे हेलकावे सुरू होऊ शकतात. हा जायंट डायपोल रेझोनन्स. गोल्डहाबर आणि टेलर यांनी १९४८ मध्ये त्याचं असं स्पष्टीकरण दिलं. पुढे २००५ मध्ये जर्मनीतल्या जीएसआय प्रयोगशाळेत कथिल-१३२ (५० प्रोटॉन, ८२ न्यूट्रॉन) तपासलं गेलं. तिथे सुमारे १६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या मोठ्या शिखराखेरीज १० च्या आसपास एक छोटं शिखर दिसलं. तोच आपला ‘पिग्मी’.

आता तक्रार. चित्र बघून वाटतं की साल एकजुटीने हलते. पण ‘सामूहिक’ म्हणजे अख्खं लेझीम पथक एका तालात. दोन-चार जण नाचले तर ते पथक नव्हे. आरपीए पद्धतीच्या गणितात प्रत्येक उत्तेजित अवस्था म्हणजे कणांनी वरच्या पातळीवर मारलेल्या अनेक उड्यांची बेरीज. जायंटमध्ये अशा भरपूर उड्या एका सुरात येतात. पिग्मीचं तसं नाही. काही मॉडेल्समध्ये मोजक्याच उड्या सगळा भार उचलतात, काहींमध्ये बऱ्याच जणी सामील होतात. म्हणजे इथे मॉडेल्सचंच एकमत नाही, आणि चित्र मात्र निर्णय देऊन मोकळं!

प्रयोगही चित्राला पूर्ण साथ देत नाहीत. कथिल-१२४ वर अल्फा कण टाकले तर या पट्ट्यातल्या फक्त खालच्या ऊर्जेच्या अवस्था ठळक जाग्या होतात. गॅमा किरणांनी खालच्या-वरच्या दोन्ही होतात. सगळं मिळून एकच डोलणं असतं तर अशी फाटाफूट कशाला झाली असती?

‘चित्रच आहे, सोडून दे’ असं तुम्ही म्हणाल. पण प्रश्न चित्रावर थांबत नाही. पिग्मीच्या ताकदीवरून सालीची जाडी काढतात आणि जाडीवरून न्यूट्रॉन ताऱ्यातल्या दाबाचा अंदाज बांधतात. राइनहार्ड आणि नाझारेविच यांनी २०१० मध्ये दाखवलं, की त्यांच्या मॉडेलमध्ये पिग्मी आणि जाडी यांचं नातं कमकुवत आहे. घट्ट नातं आहे ते डायपोल ध्रुवीयतेचं. इतर काही मॉडेल्समध्ये पिग्मीचं नातं बरंच मजबूत निघतं. मग जाडीच्या आकड्यात निसर्ग किती आणि मॉडेल किती?

ध्रुवीयतेनेही सगळं मिटत नाही, हेही सांगायला हवं. शिसं-२०८ साठी ओसाकातल्या ध्रुवीयतेच्या मोजमापावरून २०११ मध्ये जाडी आली सुमारे ०.१६ फेम्टोमीटर, २०२१ मध्ये जेफरसन लॅबच्या प्रेक्स-२ प्रयोगातून आली ०.२८, त्रुटी ०.०७. पण ध्रुवीयतेत निदान अख्खा प्रतिसाद मोजला जातो. ‘पिग्मी कुठे संपतो आणि जायंटची शेपटी कुठे सुरू होते’ हे हाताने ठरवावं लागत नाही.

म्हणून पुढच्या वेळी हे चित्र दिसलं की तीन गोष्टी शोधा: किती उड्या सामील आहेत, कोणत्या माऱ्याने अवस्था जागी केली आणि जाडीचा आकडा किती मॉडेल्समध्ये टिकतो. उत्तरं मिळाली तर चित्र खुशाल वापरा. नाही मिळाली, तर त्यावरून न्यूट्रॉन ताऱ्यापर्यंत उडी मारू नका.