हेन्री मेड आणि नागपूरचें न्यायमंदिर

हेन्री मेड या स्थपतीचें नांव निघालें कीं दिल्लीचें रिडेम्प्शन कॅथीड्रल आठवावें आणि नागपूरची कृति तळटीपेंत ढकलावी, असा प्रघात पडला आहे. आम्हांस तो मान्य नाहीं.

नागपुरास उच्च न्यायालय १९३६ सालीं मिळालें. इमारतीची कोनशिला ९ जानेवारी १९३७ रोजीं बसली व ६ जानेवारी १९४० रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं तिचें उद्घाटन केलें. मेड हे नव्या दिल्लीच्या उभारणींत ल्यूटेन्स व बेकर यांच्या हाताखालीं तयार झालेले; पुढें ते हिंदुस्थान सरकारचे मुख्य स्थपति झाले. नागपूरचा घुमट पाहतांच दिल्लीचें राष्ट्रपतिभवन आठवतें, म्हणून कित्येक या इमारतीस नक्कल लेखतात. परंतु दिल्लींत जो आकार राजप्रतिनिधीच्या दरबारावर उभा राहिला, तोच येथें सरकारासही जाब विचारूं शकणाऱ्या न्यायासनास मिळाला. आकार उसना खरा, अर्थ नवा.

दोषही सांगितला पाहिजे. भोसलेकालीन नागपूरच्या कोरीव शिल्पाशीं या इमारतीचें नातें जुळत नाहीं. ती शहरांत पाहुणीच राहिली. तरी १९५६ सालीं राज्यपुनर्रचना होऊन तेथें मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ आलें, आणि वास्तूचें प्रयोजन ढळलें नाहीं.

आमच्या संग्राहकांस एवढेंच विनवितों : मोडी दफ्तराइतकेच नकाशे, अंदाजपत्रकें व कंत्राटदारांच्या वह्या हींही इतिहासाचीं साधनें होत. रद्दींत जाण्यापूर्वीं तीं जपावीं.