पुणे परिसराच्या भूवर्णनातील परिभाषा : एक चिकित्सा

पुणे शहर ज्वालामुखीच्या खडकावर वसलेले आहे, हे विधान मराठी लेखनात वारंवार आढळते. विधान खरे आहे. परंतु ज्या शब्दाच्या आधारे ते केले जाते, तो शब्द वाचकास भलत्याच दिशेने नेतो. 'ज्वालामुखी' म्हणताच मनश्चक्षूंपुढे उभा राहतो तो शंकूच्या आकाराचा पर्वत, त्याच्या माथ्यावरील मुख आणि त्या मुखातून निघणाऱ्या ज्वाळा. इ. स. ७९ मध्ये पाँपेई गाडून टाकणाऱ्या व्हेसुव्हिअसच्या पायथ्याशी असलेल्या नेपल्स शहराला हे चित्र शोभते. पुण्याला ते मुळीच शोभत नाही.

पुण्याखालचा खडक सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा आहे. भूकवचास पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा बाहेर आला, दूरवर पसरला, थिजला, आणि त्यावर पुन्हा दुसरा लोट आला. अशा थरांनी बनलेला दख्खनचा हा प्रदेश आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर व्यापून आहे. येथे एका पर्वताचे एक मुख नव्हते. पर्वती, वेताळ टेकडी किंवा सिंहगड हे विझलेले ज्वालामुखी नसून, एके काळच्या सलग थरांची नद्यांनी व पावसाने झीज केल्यानंतर उरलेले अवशेष आहेत. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, तर सिंहगड १,३०० मीटरांहून किंचित अधिक उंचीवर आहे. या चढणीवर एकामागून एक लोट ओलांडले जातात. 'ज्वालामुखी' या शब्दाने मात्र वाचक टेकडीच्या माथ्यावर विवर शोधू लागतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवरून ठरत नाही, रूढीवरून ठरतो. आक्षेप तत्त्वतः योग्य आहे. परंतु येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. इंग्रजीतील 'व्होल्कॅनो' हा शब्द अग्निदेवता व्हल्कनच्या नावाशी जोडलेला असला, तरी सामान्य इंग्रज वाचकास तो संबंध जाणवत नाही. त्याच्या दृष्टीने शब्द अपारदर्शक आहे. मराठीत 'ज्वाला' आणि 'मुख' हे दोन्ही घटक जिवंत आहेत. त्यामुळे रूढ अर्थाच्या आड घटकांचा अर्थ सतत डोकावतो. हिमाचल प्रदेशातील कांगडा भागात ज्वालामुखी देवीचे प्रसिद्ध स्थान आहे. तेथे खडकाच्या फटींतून निघणारा नैसर्गिक वायू जळतो. ज्वाला आहे, मुखही आहे, परंतु भूशास्त्राच्या अर्थाने ज्वालामुखी नाही. उलट पुण्यात ज्वालामुखीजन्य खडक आहे, पण मुख नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर तर मुखासारखेच दिसते, आणि पूर्वी ते ज्वालामुखीचे मानलेही जात असे. ते उल्काघाताने झाले, हे नंतरच्या संशोधनाने निश्चित केले. आकारावरून नाव आणि नावावरून कारण ठरविण्याची सवय कोठवर नेते, याचे हे बोलके उदाहरण होय.

'ट्रॅप' या संज्ञेची स्थिती याच्या उलट आहे. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना असा आहे. सह्याद्रीच्या उतारावर दिसणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेस तो चपखल बसतो. परंतु 'दख्खन ट्रॅप' असे मराठीत लिहिले की पायरीचा अर्थ लोपतो, आणि इंग्रजी जाणणाऱ्या विद्यार्थ्याला आठवतो तो सापळा. म्हणजे पारदर्शक असावयास हवा होता तो शब्द अपारदर्शक राहिला आणि अपारदर्शक असता तरी चालला असता तो अति पारदर्शक ठरला.

खनिजांच्या नावांकडे वळल्यास हा प्रश्न अधिक बोधप्रद होतो. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने त्यांत झिओलाइट गटाची खनिजे साठविली. तापविले असता अंतर्गत पाणी निघून जाताना ही खनिजे उकळल्यासारखी दिसतात, म्हणून क्रोनस्टेट याने १७५६ मध्ये 'उकळणारा दगड' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव बनविले. उष्णतेने किड्यासारखे वळते ते स्कोलेसाइट. पापुद्रे सुटतात ते अपोफिलाइट, जे झिओलाइटांच्या सोबत आढळते पण त्या गटातले नव्हे. ही नावे परीक्षेतून जन्मली आहेत. नाव कळले की परीक्षाही कळते.

पुण्याचे नावही एकदा या नामावलीत शिरले होते. १८३१ मध्ये ब्रुक याने येथील एका सुईदार खनिजास 'पूनालाइट' म्हटले. पुढे ते स्वतंत्र खनिज नसून मेसोलाइट असल्याचे ठरले आणि नाव बाद झाले. त्याच १८३१ मध्ये मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती निघाली. एकीकडे स्थळाचे नाव परभाषेत जात होते, तर दुसरीकडे त्याच स्थळाच्या बोलीतील शब्द संगृहीत होत होते. दोन्ही कामांची गाठ मात्र पडली नाही.

ती गाठ पडली असती तर मराठी परिभाषेस मोठा लाभ झाला असता. विहीर खोदणारा कामगार टणक, सलग खडकास काळा पाषाण किंवा कातळ म्हणतो. पोकळ्यांनी भरलेल्या, तुलनेने मऊ खडकास मांजऱ्या म्हणतो. झिजून भुसभुशीत झालेल्यास मुरूम. पाठ्यपुस्तक लाव्हाच्या लोटाचे जे भाग विद्यार्थ्यास परक्या संज्ञांनी समजावते, त्यांतील हे भेद या शब्दांत आधीच आहेत. ते केवळ नावांचे भेद नाहीत. पाणी कोठे लागेल, हे त्यांवर अवलंबून असते: अभंग कातळात पाण्याला जागा नसते, तर झिजलेल्या, भेगाळलेल्या वा मांजऱ्या थरात ती असू शकते.

तथापि बोलीची प्रत्येक संज्ञा जशीच्या तशी स्वीकारावी, असा याचा अर्थ नव्हे. 'गारगोटी' हा शब्द व्यवहारात कोणत्याही पांढऱ्या स्फटिकमय दगडास लावला जातो. क्वार्ट्झवर चाकूचा ओरखडा उठत नाही. स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट यांवर सहज उठतो. दोघांना एकच नाव देणारी भाषा खनिजशास्त्रास अपुरी आहे. तेथे परके नाव घेणेच इष्ट.

वाघोलीच्या खाणींतून मिळालेल्या निळ्याभोर कॅव्हन्साइटचे उदाहरण येथे निर्णायक ठरते. हे खनिज प्रथम अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सापडले आणि १९७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. परंतु जगातील उत्कृष्ट नमुने वाघोलीचे मानले जातात. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकेट यांच्या आद्याक्षरांवरून बनविलेले हे नाव भाषांतरण्यात काहीच अर्थ नाही. नोंद हवी ती दुसऱ्याच गोष्टीची: नमुना कोणत्या खाणीतील, कोणत्या थरातील, कातळातील की मांजऱ्यातील. या खाणी खडीसाठी चालतात, स्फटिकांसाठी नव्हे. पोकळी फुटली, दगड यंत्रात गेला, की ती माहिती कायमची नष्ट होते. सांभाळून काढलेला नमुनाही केवळ 'पुणे' एवढ्या चिठ्ठीनिशी परदेशी गेला तर अभ्यासकास अर्धामुर्धाच उपयोगी पडतो. ज्या मनुष्याने तो प्रत्यक्ष बाहेर काढला, त्याला थर ओळखता येतो आणि त्याचे नावही ठाऊक असते. त्याचा शब्द चिठ्ठीवर उतरत नाही, एवढाच काय तो दोष.

तेव्हा खनिजांची नावे आंतरराष्ट्रीय असावीत, खडकाच्या प्रकारांची नावे शक्य तेथे बोलीतून घ्यावीत आणि त्यांच्या व्याख्या निश्चित कराव्यात. पुण्याच्या संदर्भात 'ज्वालामुखी' हा शब्द वापरणे भाग पडले, तर त्यासोबत 'भेगांतून पसरलेल्या लाव्हाचे थर' एवढे तरी स्पष्टीकरण जोडावे. टेकड्या फोडून शहर वाढत आहे, आणि हे शब्द वापरणारे हात यंत्रापुढे कमी होत आहेत. थर आणि त्याचे नाव यांची नोंद एकाच वेळी होणे म्हणूनच अगत्याचे आहे.