कापसातले फोटो

दसरा-दिवाळीच्या सुमारास दारव्ह्याच्या आसपासची शेतं पांढरी होतात आणि सुट्टीत पुण्या-मुंबईहून आलेली आमच्यासारखी कुटुंबं हौसेने फोटोंसाठी कापसात उतरतात. याच दिवसांत, हॅलोविनच्या तोंडावर, अमेरिकेतले आमचे नातेवाईक भोपळ्यांच्या मळ्यात मुलांना बसवून फोटो काढतात. पोझ साधारण तीच. मात्र तिथले बरेच मळे पाहुण्यांसाठीच तिकीट लावून उघडलेले असतात. इथे फोटो निघतो तेव्हा शेतात वेचणी चालू असते.

म्हणून मी घरातले जुने अल्बम पुन्हा पाहिले. आग्फा क्लिक थ्री, रोलमध्ये बाराच फोटो, फोकस कायमचा ठरलेला. काकूंचे डोळे मिटलेले, क्षितिज कललेलं, पण मागे ओटी बांधून वाकलेल्या बाया ओळखू येतात. एकीनंही कॅमेऱ्याकडे पाहिलेलं नाही. वेचणीची मजुरी किलोवर. थांबलं की तेवढा कापूस कमी.

आजचे फोटो देखणे आहेत, हे मान्य. चेहऱ्यावर संध्याकाळचा तिरपा उजेड, बोंडं लख्ख. पण पोर्ट्रेट मोडमध्ये त्या बायांचे रंगीत ठिपके होतात आणि तरीही कुणी उरलीच तर बोट फिरवून पुसता येते. हे सगळं फोनवर ढकलणं मला पटत नाही. बोट तर आपलंच असतं. परवाच्या एका फोटोत मात्र पुसायचं राहून गेलंय: पुतणीच्या खांद्यामागे एक हात, बोटांना चिंध्या गुंडाळलेला, बोंडात घातलेला.