चष्म्यातले चवदार तळे

महाडचा संगर आभासी वास्तवाच्या चष्म्यातून शिकवावा, असे म्हणणारे शिक्षक आता शिरोळलाही भेटतात. नमुना म्हणून फाळणीवरील ‘चाइल्ड ऑफ एम्पायर’चे (२०२२) नाव निघते. तिथे एक हिंदू व एक मुसलमान वृद्ध आपापल्या स्थलांतराच्या आठवणी सांगतात. दोघेही होरपळलेले, म्हणून ती मांडणी टिकते.

महाडला हा साचा चालणार नाही. २० मार्च १९२७ ला पाणी प्यायलेल्यांना मारहाण झाली, तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ केले गेले आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडले. चष्म्यात सवर्ण पोरगा पाच मिनिटे अस्पृश्य होईल, हळहळेल, चष्मा काढून ठेवील. पण लाठी उगारणाऱ्याच्या जागी त्याला कोण उभे करणार? दहा वर्षांच्या कोर्टकचेरीत थरार नाही. लढा मात्र तिथेच कळतो.

यंत्राला माझा विरोध नाही. पण पटकथा आपल्या हाती हवी. आणि चष्मा उतरला की पोरांना आपापल्या गावच्या पाणवठ्यावर न्या. तिथे कोण कधीपासून पाणी भरू लागले, कुणी अडवले, हे त्यांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारावे. सवर्णांच्या पोरांनी तर आधी विचारावे.