इंग्रजी संभाषणवर्गातील विषयनिवड : एक आक्षेप

महाविद्यालयीन इंग्रजी संभाषणवर्गासाठी ‘प्रदूषण’, ‘हुंडा’, ‘विज्ञान : शाप की वरदान’ हे विषय सर्रास निवडले जातात. वस्तुतः ते निबंधाचे विषय होत. हुंड्याचे समर्थन वर्गात कोण करणार? पाठांतर असलेला बोलतो. मराठी माध्यमातून आलेला गप्प राहतो आणि त्याचे मौन अज्ञान ठरते. पेनी अर यांनी ‘डिस्कशन्स दॅट वर्क’ (१९८१) या ग्रंथात विषयापेक्षा कृतीला प्राधान्य दिले आहे. एन. एस. प्रभू यांच्या बंगलोर प्रकल्पानेही (१९७९-८४) मतप्रदर्शनाहून तर्काधारित कृती अधिक उपयुक्त मानल्या. अर्थात तेथे गटचर्चेला फारसे स्थान नव्हते. एस. टी.च्या वेळापत्रकाचे दोन भाग दोघांत वाटून परीक्षेला वेळेवर पोहोचविणारी गाडी शोधावयास सांगितल्यास एकमेकांना विचारल्यावाचून गत्यंतर उरत नाही.